मावशींना सुतक नसतं

"मावशी, रडू नका. मुलं बघतायत."

हे वाक्य माझं आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, आमच्या गावातल्या बालगृहाच्या मधल्या खोलीत मी ते बोलले. बोलताना वाटलं होतं, की आपण किती समजूतदारपणानं परिस्थिती सांभाळतोय!

आदल्या रात्री पावणेतीनच्या सुमाराला आमची छकुली गेली होती. छकुली हे तिचं कागदावरचं नाव नव्हे, पण बालगृहात सगळे तिला तसंच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. वय वर्षं नऊ. जिच्या मांडीवर ती गेली त्या मावशी सकाळी साडेसातला तिच्या पलंगावरची चादर काढत होत्या, आणि चादर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या. मी समितीची सदस्य. पोलिसांत वर्दी द्यायची, बालकल्याण समितीला कळवायचं, डॉक्टरांचा दाखला आणायचा, अशी कामांची यादी डोक्यात घेऊन मी आले होते. त्या यादीत मावशी नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्या पलंगावर दुसरं मूल आलं, कारण वाट बघणारी मुलं होतीच. महिनाभरानं मावशींनी काम सोडलं. आणि आम्ही समितीतल्या बायका काय म्हणालो? "हल्ली बायका टिकतच नाहीत हो!"

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही, की मानसशास्त्रातली कुणी तज्ज्ञ नाही. बी.ए.ची पदवी, बावीस वर्षांचा संसार आणि दुपारच्या मोकळ्या वेळात चालवलेलं थोडंफार सामाजिक काम, एवढीच माझी शिदोरी. पण ती सकाळ मला सोडेना. माझी भाची पुण्याला नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेते. तिच्या मागे लागून मी या विषयावरचं मिळेल ते वाचलं, इंग्रजी अडलं तिथं तिच्याकडून समजून घेतलं. जे वाचलं त्यातलं बरंचसं मावशींना आधीच ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

छकुलीला रक्ताचा कर्करोग होता. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात उपचार झाले, वर्षभर बरी होती, शाळेत जाऊ लागली होती. मग आजार उलटला. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता हिला घरी घेऊन जा." आईबाप नसलेल्या मुलीचं घर म्हणजे आमचं बालगृह. चौतीस मुलं, दिवसा तीन मावशी, रात्री एक. त्या एका मावशींनी रात्री छकुलीजवळ बसायचं, आणि पलीकडे कुणी अंथरूण ओलं केलं, कुणी स्वप्नात ओरडलं तर तिकडेही धावायचं. मानधन महिन्याला आठ हजार. आठवड्याची सुट्टी कागदावर.

'पॅलिएटिव्ह केअर' हा शब्द मी तोपर्यंत फक्त ऐकला होता. मला त्याचा अर्थ आपल्या मराठीतच जास्त चांगला कळला. बरं करता येत नाही, तेव्हा बरं वाटेल असं करायचं. बरं होणं आणि बरं वाटणं. दुसऱ्यासाठीसुद्धा औषध लागतं, शिक्षण लागतं, माणसं लागतात. आमच्याकडे माया होती, बाकी काही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात छकुली विव्हळायची. दुसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. हाक मारली तर डोळे फिरवायची, पण हलायची नाही, खेळणं घ्यायची नाही. आम्ही म्हटलं, "बघा, किती शहाण्यासारखी पडून राहते!" मावशी म्हणाल्या, "ताई, शहाणी नाही झाली, तिला हलवत नाही." आम्ही मान डोलावली आणि पुढच्या विषयाकडे वळलो. नंतर कळलं, की फार दिवस फार दुखत राहिलं की लहान मूल रडणंसुद्धा सोडून देतं, निश्चल होतं. डॉक्टर-नर्सना हे मुद्दाम शिकवावं लागतं. त्यासाठी साधी साधनंही आहेत. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहरे काढलेला एक कागद असतो, मुलानं बोट ठेवायचं की माझं दुखणं या चेहऱ्याएवढं आहे. वाँग आणि बेकर या दोन अमेरिकन बायकांनी १९८० च्या दशकात तो तयार केला. त्यातली एक परिचारिका होती आणि दुसरी रुग्णालयात मुलांना धीर द्यायचं काम करणारी. एवढा एक कागद आमच्याकडे असता तर!

मॉर्फिन मिळायला आम्हाला अकरा दिवस लागले. गावातल्या औषधांच्या दुकानात ते नसतं. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं ते मिळवणं इतकं किचकट झालं होतं, की अनेक डॉक्टरांनी ते ठेवणंच बंद केलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, नियम सोपे झाले, मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवता येतं. पण कायदा सोपा झाला तरी भीती अजून तशीच आहे. आमच्याच समितीत एकजण म्हणाले, "लहान मुलीला अफूचं औषध? सवय लागली म्हणजे?" काही आठवड्यांची सोबती असलेल्या मुलीला सवय लागेल म्हणून आम्ही चर्चा करत बसलो, आणि रात्री तिच्याजवळ मावशी बसल्या. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि आपल्याच पोरांना दुखण्यावर थेंब मिळायला अकरा दिवस! जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांच्या दुखण्याबद्दल २०१२ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं, की तीव्र दुखण्यावर मॉर्फिनसारखी औषधं मुलांना वजनाप्रमाणे, ठरलेल्या वेळी द्यावीत. ठरलेल्या वेळी म्हणजे दुखून रडायची वाट न बघता. औषध सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी छकुलीनं मावशींकडे वेणी घालून मागितली. केस नव्हतेच फारसे. मावशींनी रिबीन बांधली.

आता मला जे सर्वांत टोचतं, ते सांगते. औषध लागू पडल्यावर छकुली पुन्हा बोलू लागली, आणि एका रात्री तिनं विचारलं, "मावशी, मी मरणार का गं?"

मुलांना काय सांगायचं याबद्दल समितीनं आधीच फर्मान काढलं होतं. 'तू लवकर बरी होशील' असंच सगळ्यांनी म्हणायचं. आपण मोठी माणसं असंच करतो ना? घरात कुणी गेलं तर पोरांना शेजारी पाठवतो, देवाघरी गेले म्हणून सांगतो, विषय संपवतो. मावशी दुसऱ्या दिवशी मला विचारायला आल्या, "ताई, ती विचारतीय, काय सांगू?" मी म्हटलं, "ठरलंय तेच सांगा." आज वाटतं, मी त्यांना एकटं सोडलं. ज्या बाईला रात्रभर त्या डोळ्यांसमोर बसायचं होतं, तिला मी खोटं बोलायची सक्ती केली, आणि मी घरी येऊन कुकर लावला.

मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर रुग्णालयात महिनेच्या महिने काढले आणि १९७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की मुलांना कुणीही काही सांगितलेलं नसताना त्यांना कळलेलं असतं. बाजूच्या पलंगावरचं मूल कुठं गेलं, आई बाथरूममध्ये जाऊन का रडते, डॉक्टर आता सुया का टोचत नाहीत, यावरून ती बरोबर जोडून घेतात. आणि कळूनही मोठ्यांसमोर न कळल्यासारखं दाखवतात, कारण मोठ्यांना ते सोसणार नाही हेही त्यांना कळलेलं असतं. म्हणजे आम्ही छकुलीला सांभाळत होतो, की छकुली आम्हाला?

स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर मी भाचीकडून दोनदा वाचून घेतला. कर्करोगानं मूल गेलेल्या आईवडिलांना काही वर्षांनी विचारलं, तुम्ही मुलाशी मरणाबद्दल बोलला होता का? १४७ जण बोलले होते. त्यातल्या एकालाही, अगदी एकालाही, बोललो याचा पश्चात्ताप नव्हता. २५८ जण बोलले नव्हते, त्यातले ६९ जण म्हणाले, बोलायला हवं होतं. आपल्या मुलाला कळलंय असं ज्यांना त्या वेळी जाणवलं होतं, त्यांना ही खंत जास्त होती. स्वीडनमधली माणसं वेगळी, आपली वेगळी, हे मलाही कळतं. पण आईचं काळीज इतकं का वेगळं असेल?

मावशींनी माझं ऐकलं नाही, हे मला फार नंतर समजलं. त्यांनी छकुलीला उलट विचारलं, "तुला काय वाटतंय?" छकुली म्हणाली, "वाटतंय." मग म्हणाली, "माझी कंपासपेटी कुणाला द्यायची?" दोघींनी मिळून ठरवलं. पलीकडच्या खोलीतल्या एका मुलीला ती मिळाली. मी ती पेटी त्या मुलीच्या दप्तरात बघितली होती, आणि छकुलीची वस्तू हिनं न विचारता घेतली म्हणून तिला रागावलेही होते.

त्या दिवशी स्मशानात समितीचे पुरुष गेले, गाडीचा ड्रायव्हर गेला. आपल्याकडे बायका जात नाहीत. तीन वर्षं जिनं त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं ती फाटकापाशी उभी राहिली. घरातलं कुणी गेलं की आपल्याकडे किती गोष्टी आपोआप होतात बघा. चूल पेटत नाही, नातेवाईक कडू घास घेऊन येतात, शेजारणी पिठलंभात आणतात. दहा दिवस सुतक, म्हणजे दहा दिवस कुणी कामाला लावत नाही, सणावाराला बोलवत नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, 'कसं झालं?' आणि आपण तेच तेच पुन्हा सांगतो. लहानपणी मला ते सगळं कर्मकांड वाटायचं. आता वाटतं, त्यातलं सोवळंओवळं सोडून द्या, पण दहा दिवस दुःखाला जागा ठेवली होती ना! मावशींना यातलं काहीच नाही. त्यांच्या घरी तर कुणी गेलेलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "लोकाच्या पोरीसाठी किती दिवस तोंड पाडून बसशील?"

दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी केला होता. आमच्या छापील अर्जात 'मयताशी नातं' असा रकाना आहे. मावशींनी तो कोरा ठेवला होता. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी, नियमाला धरूनच, अर्ज अपूर्ण म्हणून परत केला.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'हक्क नाकारलेलं दुःख'. समाजाच्या हिशेबात ज्या नात्याला नाव नाही, त्या नात्याचं दुःख. ते माणूस दाखवू शकत नाही, त्याला कुणी भेटायला येत नाही, आणि म्हणून ते जुनं होत नाही. हॉस्पिटलमधल्या नर्स, वृद्धाश्रमातल्या आया, पाळणाघरातल्या ताई, बालगृहातल्या मावशी... आपल्या गावात अशा किती जणी असतील? यांना आपण 'सवय झालेली असते' असं म्हणून मोकळे होतो.

सवय म्हणजे काय, तेही एका बाईंनी शोधलं आहे. इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं, की दुःखापासून बचाव व्हावा म्हणून सगळी व्यवस्थाच तशी लावलेली होती. नर्सनं एकाच रुग्णाजवळ फार वेळ राहायचं नाही, कामं तुकड्या-तुकड्यांत वाटायची, रुग्णाला नावानं नाही तर 'दहा नंबरच्या पलंगावरचं लिव्हर' असं म्हणायचं. एवढं करून दुःख कमी झालं का? नाही. उलट कामातला जीव गेला. शिकाऊ नर्सपैकी जवळपास एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडत होत्या. आमच्याकडेही समितीत सूचना आलीच होती, की एकाच मावशीला एकाच मुलाचा लळा लागू नये म्हणून पाळ्या फिरत्या ठेवाव्यात. मीच अनुमोदन दिलं होतं.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात मला त्या मावशी भेटल्या. हल्ली त्या पापड-कुरडयांच्या एका उद्योगात जातात. मी ओशाळून म्हटलं, "मावशी, छकुलीचं फार मनाला लावून घेतलंत तुम्ही." त्या म्हणाल्या, "मरणाचं नाही हो ताई. माझी सासू माझ्याच हातांवर गेली, मला त्याचं भ्या नाही. पण त्या दिवशी दुपारी तुम्ही मला तीस पोळ्या जास्तीच्या करायला सांगितल्या. वाढदिवसवाले येणार होते म्हणून."

मला आठवलंच नाही. मग आठवलं. एका देणगीदाराच्या नातवाचा वाढदिवस होता, आधीपासून ठरलेला. ते केक घेऊन आले, मुलांबरोबर फोटो काढले, क्रीमनं माखलेले हात-तोंड पुसायला अर्थात मावशीच. त्या लोकांचा दोष नाही, त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर देणगी पुढच्या वेळेवर गेली असती, एवढाच आमचा विचार. आणि हे मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही, तो फोन उचलून 'या ना, या' म्हणणारी मीच होते.

भाचीनं मेरी व्हॅशन या कॅनडातल्या बाईंच्या १९८७ च्या पुस्तकाबद्दल सांगितलं, तेव्हा मला या पोळ्या आठवल्या. मरणपंथाला लागलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची सेवा करणाऱ्या सुमारे सहाशे लोकांशी त्या बोलल्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं, की या लोकांना मरण रोज बघण्याचा ताण येत असणार. उत्तर वेगळंच आलं. ताण मुख्यतः आला होता तो कामाच्या जागेचा. अपुरी माणसं, वरिष्ठांशी न जमणं, आपलं काम नक्की काय हे न ठरणं, आपल्याला कुणी न विचारणं. अलीकडे इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात मुलांच्या अशा सेवेवर संशोधन करणारं 'मार्टिन हाउस' नावाचं केंद्र आहे, तिथले लोक मुलांइतकाच तिथं काम करणाऱ्यांच्या मनाचाही अभ्यास करतात. दोन्ही एकाच केंद्रात, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. कारण थकलेल्या, दुखावलेल्या बाईच्या हातून मुलाची कूस मायेनं बदलली जाईल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे रिकाम्या घागरीतून पाणी ओतायला सांगणं.

मुलांसाठी जगातलं पहिलं हॉस्पिस १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निघालं, 'हेलन हाउस'. हेलन ही मेंदूत गाठ झालेली एक छोटी मुलगी. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांची तिच्या आईवडिलांशी मैत्री झाली. या सिस्टर हेलनला मधूनमधून स्वतःकडे ठेवून घ्यायच्या, म्हणजे आईवडिलांना चार रात्री झोप मिळावी. बस, एवढ्या गोष्टीतून ती संस्था उभी राहिली. मूल बरं करायला नाही, तर सांभाळणाऱ्याला झोप मिळावी म्हणून! हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र समजू नका. वांद्र्याला १९८६ पासून 'शांती आवेदना सदन' आहे, त्यांची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोफत केंद्र आहे. मुलांसाठी म्हणाल, तर २०१० नंतर टाटा रुग्णालय, राज्य सरकार आणि परदेशी मदत यांतून महाराष्ट्रात एक प्रकल्प झाला, आणि त्यात जव्हारसारखा आदिवासी तालुका घेतला होता. म्हणजे हे मुंबई-पुण्याचं लाड आहे असं म्हणायला जागा नाही. केरळात तर गावोगावचे लोक, त्यात बायका पुष्कळ, घरोघरी जाऊन आजाऱ्यांजवळ बसतात. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०१७ मध्ये सांगितलं, की जगात दरवर्षी सुमारे २५ लाख मुलं टाळता येण्याजोग्या यातनांत जातात आणि त्यातली ९८ टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या विकसनशील देशांतली असतात. आकडा मोठा आहे, डोक्यात मावत नाही. मला त्यातली एकच माहीत आहे.

या वर्षी मी समितीपुढे चार गोष्टी मांडल्या. मूल गेलं तर त्याच्या मावशीला तीन दिवसांची भरपगारी रजा. पलंग आठवडाभर रिकामा. महिन्यातून एकदा सगळ्या मावशींनी एकत्र बसायचं, समितीतलं कुणी तिथं नको, आणि जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंना बोलवायचं. आणि रात्री दोन मावशी.

चर्चा काय झाली असेल, कल्पना करा. "मग कुणाचं मांजर मेलं तरी रजा मागतील." "आपल्या आई-आजीनं किती मुलं पुरली, त्यांना कुणी समुपदेशन केलं?" खरंय, नाही केलं. माझ्या आजीची तीन मुलं लहानपणी गेली. ती शेवटपर्यंत तिघांची नावं घेऊन दिवे लावायची आणि त्याबद्दल कुणाशी बोलायची नाही. ते सोसणं थोर होतं, असं मी निबंधात लिहिलं असतं. पण तिला कुणी विचारलं असतं तर तिनं ते निवडलं असतं का? अध्यक्ष आबा मात्र शांतपणे म्हणाले, "भावना सगळ्यांना आहेत वहिनी, पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खोटा नाही. इमारतीला रंग द्यायला, संगणक घ्यायला देणगी मिळते, त्यावर नाव घालता येतं. मावशीच्या झोपेवर कुणाचं नाव घालणार? देणगी देणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं, की वाढदिवसाला केक जरूर न्या, पण एकदा 'रात्री इथं किती जणी असतात?' असंही विचारून बघा. देणगीदारानं विचारलेल्या प्रश्नाची नोंद समितीच्या बैठकीत होते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या तीन गोष्टी मंजूर झाल्या. अर्जातला 'मयताशी नातं' हा रकाना भाऊसाहेबांनी स्वतःहून खोडला. मावशींच्या पहिल्या बैठकीत, मला कळलं त्याप्रमाणे, पाऊण तास कुणी काही बोललं नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

चौथी गोष्ट राहिली. आणि आमच्याकडे आता चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, स्नायूंचा आजार असलेला. बुद्धीनं तल्लख, क्रिकेटचे सगळे आकडे तोंडपाठ. पण त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, दर दोन तासांनी ती कुणीतरी बदलून द्यावी लागते, रात्रभर. हा आजार पुढे श्वासापर्यंत जातो, हे त्याला माहीत आहे. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं होतं, "तुला काही विचारायचंय का?" तो म्हणाला, "मावशी रात्री कधी झोपतात?"

तेव्हापासून आम्ही भिशीतल्या सहा जणींनी पाळ्या लावल्या आहेत. रात्री अकरा ते तीन. दोन तासांनी त्याची कूस बदलायची, कशी ते मावशींनीच शिकवलं. आणि मावशींनी त्या वेळात शेजारच्या खोलीत दार लावून झोपायचं. नवरेमंडळी कुरकुरतात. एकीच्या सासूबाईंनी मात्र तिच्याबरोबर थर्मासमधून चहा पाठवला. माझा वार गुरुवार. शनिवारला अजून कुणी मिळालेलं नाही.